हुकूम आणि अर्ज

ईश्वर सर्वज्ञ आहे, सर्वसमर्थ आहे आणि विश्वातील यच्चयावत् घटनांवर त्याचीच सत्ता चालते, हे एकदा मनोभावे मान्य केल्यावर त्याच ईश्वरापुढे गुडघे टेकून मुलाचा ज्वर उतरावा किंवा पाऊस वेळेवर पडावा अशी याचना करण्यात अर्थ कोणता उरतो, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मविचाराच्या आरंभापासून त्याची पाठ धरून आहे. पंडितांनी त्यावर ग्रंथ रचले, धर्मसभांनी ठराव केले, एकाच प्रभूचे नाव घेणाऱ्या मंडळ्या त्यापायी विभागल्या. तरीही हा केवळ पंडितांचा प्रश्न नव्हे. ज्याने आजाऱ्याच्या उशाशी बसून एक रात्र काढली आहे, त्या प्रत्येकाच्या मनात तो कधी ना कधी उभा राहिलेला असतो.

शेलू हे कर्जत तालुक्यातले गाव. मुंबईहून येताना वांगणी मागे पडली, ठाणे जिल्ह्याची हद्द संपली, की रायगड जिल्ह्यातले पहिले स्थानक लागते ते हे. एका अंगास उल्हास नदी, दुसऱ्या अंगास माथेरानच्या डोंगराची रांग. येथला पावसाळा माणसाला आपल्या सामर्थ्याची मर्यादा दर वर्षी दाखवून देतो: ज्या पाण्यावर भाताची खाचरे पिकतात, तेच पाणी एखाद्या रात्री रूळ बुडवते आणि डोंगराचा कडा खाली आणते. अशा मुलखात ईश्वराची सत्ता आणि मनुष्याचे स्वातंत्र्य यांचा विचार पुस्तकी राहूच शकत नाही.

या विषयातील दोन पक्ष मी पुढे दोन कल्पित व्यक्तींच्या मुखी घातले आहेत. त्यांनी सांगितलेला इतिहास मात्र कल्पित नाही. एक आहेत निवृत्त पाळक, प्रेस्बिटेरियन परंपरेत वाढलेले. स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्ये कोकणात बाणकोटास उतरले आणि कालांतराने मुंबई-पुण्यास गेले; ईश्वराच्या सार्वभौम सत्तेचा जो आग्रह त्यांनी सोबत आणला, तो पाळकसाहेबांच्या रक्तात भिनलेला आहे. दुसरे मेथडिस्ट घराण्यातले, महसूल खात्यात तलाठी म्हणून हयात घालवलेले आणि म्हणून भाऊसाहेब याच नावाने ओळखले जाणारे गृहस्थ. मनुष्याच्या उत्तरदायित्वाविषयी ते कोणतीही सवलत देण्यास तयार नसतात. श्रावणाच्या तोंडावरचा रविवार आहे, उपासना आटोपली आहे, आणि पाऊस उघडीप देत नसल्याने दोघेही शेलूतल्या एका घराच्या पडवीत बसले आहेत.

भाऊसाहेब : पाळकसाहेब, आज आपण प्रवचनात सांगितलेत की, चिमणीसारख्या क्षुद्र जीवाचे मरणदेखील स्वर्गीय पित्याच्या सत्तेबाहेर घडत नाही. ऐकताना मनाला आधार वाटला, हे मी नाकारीत नाही. पण त्यानंतर लगेच आपण प्रार्थना सुरू केलीत आणि माझे मन अडखळले. माझी सारी नोकरी अर्ज घेण्यात गेली. अर्जाला किंमत असते, कारण हाकिमाचा हुकूम अद्याप व्हायचा असतो. हुकूम होऊन, त्यावर शिक्कामोर्तब होऊन, फेरफाराची नोंदही पडल्यावर कोणी अर्ज आणला, तर तो दप्तरी दाखल करण्यापलीकडे काही करता येत नाही. जगाच्या उत्पत्तीपूर्वीच सगळे हुकूम सुटले असतील, तर आपल्या प्रार्थनांची गत याहून निराळी कशी? आणि हुकूम अजून सुटलेले नाहीत म्हणावे, तर निर्णयासाठी आपली वाट पाहत बसणाऱ्या ईश्वराला सर्वज्ञ कसे म्हणावे?

पाळकसाहेब : पेच खरा आहे, आणि आपण तो बिनतोड मांडलात. मात्र त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती तपासू या. हाकिमाला प्रजेची अडचण ठाऊक नसते, ती अर्जामुळे कळते. म्हणून अर्ज त्याच्या निर्णयाला बाहेरून येऊन मिळतो. प्रभूने प्रार्थना शिकवली, तेव्हा आधी काय सांगितले, हे आठवा. तुम्ही मागण्यापूर्वीच तुमची गरज पित्याला ठाऊक आहे, असे सांगून त्याने त्यापुढे लगेच प्रार्थनेचे शब्द शिष्यांच्या ओठी दिले. पित्याच्या ज्ञानामुळे याचना निरर्थक ठरत असती, तर तेथे त्याने मौन शिकवले असते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने याचे मर्म उलगडले. ईश्वरी योजना केवळ फलांची नसते, ती कारणांचीही असते. अमुक घडावे एवढेच तिच्यात ठरत नाही, ते कोणत्या मार्गाने घडावे हेही ठरते. आणि त्या मार्गांपैकी एक मार्ग प्रार्थना हा आहे. त्याच्या मते आपण प्रार्थना करतो ती ईश्वराचा संकल्प फिरवण्यासाठी नव्हे. जे प्रार्थनेच्या द्वारेच द्यावे असे त्याने योजिले आहे, ते प्राप्त व्हावे म्हणून. अर्थात आपली याचना हुकमानंतर आलेली नसते. ती हुकमाच्या आतच लिहिलेली असते.

भाऊसाहेब : युक्तिवाद सुबक आहे; पण नांगरट आणि पेरणी ही पिकाची कारणे आहेत हे मला डोळ्यांनी दिसते. प्रार्थनेचे कारणत्व दिसत नाही. उलट असे म्हणता येईल की, जे घडायचे ते घडले आणि आपण मागाहून त्याला प्रार्थनेचे नाव दिले. शास्त्रात असे एखादे स्थळ दाखवा, की जेथे ईश्वराचे निश्चित वचन आणि मनुष्याची अनिश्चित कृती एकमेकांना न खोडता उभी आहेत.

पाळकसाहेब : प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय काढा. पौलाला कैदी म्हणून रोमला नेणारे तारू क्रीट बेटाजवळ वादळात सापडले. तारवावर दोनशे शहात्तर माणसे. देवदूताने पौलाला अभिवचन दिले की, तारू जाईल, पण एकाही जिवाची हानी होणार नाही. येथे हुकूम सुटला, असे आपण म्हणाल. पुढे किनारा जवळ आल्याची चाहूल लागताच खलाशी लहान होडी पाण्यात सोडून गुपचूप निसटू पाहतात, तेव्हा हाच पौल शताधिपतीला बजावतो की, ही माणसे तारवात राहिली नाहीत तर तुमचा बचाव होणे नाही. अभिवचन मिळालेला माणूस हातावर हात ठेवून बसला नाही; अभिवचनावर विश्वास होता म्हणूनच तो खलाशांना अडवू शकला. शिपायांनी होडीचे दोर कापले, कोणी पोहत, कोणी फळ्यांच्या आधाराने तीरास लागले, आणि वचन अक्षरशः खरे झाले.

भाऊसाहेब : हे ऐकून मला आपल्याच दारची गोष्ट आठवते. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हासच्या पुरात अडकून पडली. हजाराहून अधिक उतारू, त्यांत गरोदर स्त्रिया, लहान मुले, चहूकडे पाणी. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या, नौदलाचे पथक आले, आसपासच्या गावांतले लोक धावून आले, आणि सर्व उतारू सुखरूप बाहेर निघाले. त्या डब्यांतून रात्रभर किती नावांनी ईश्वराचा धावा झाला असेल! पण पाळकसाहेब, त्यांना सोडवले ते बोटीवाल्यांनी.

पाळकसाहेब : आणि मी म्हणतो, बोटीवाल्यांच्या हातून ईश्वराने सोडवले. या दोन विधानांत विरोध कोठे आहे? बोट आली म्हणून धावा व्यर्थ ठरत नाही आणि धावा केला म्हणून बोटीवाला अनावश्यक ठरत नाही. ईश्वर हा बोटीवाल्यांच्या पंक्तीला बसलेला आणखी एक बोटीवाला असता, तर जेवढे श्रेय एकाला द्यावे तेवढे दुसऱ्याचे कमी झाले असते. तो ज्या पातळीवर कार्य करतो ती पातळीच निराळी आहे. आद्यकारण आणि गौण कारणे असा भेद शास्त्रकारांनी केला, तो याच कारणाने.

भाऊसाहेब : बाह्य घटनांपुरते मी मान्य करीन. माणसाच्या अंतःकरणाचे काय? रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कथा आपण जाणता. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत त्यांना एक अपरिचित युरोपियन गृहस्थ भेटला. काव्यावर बोलणे झाले, धर्मावर झाले. त्याने नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते तेव्हा अशक्य वाटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्याचा निर्णय दोन वर्षे आधी दुसऱ्याच्या तोंडून उच्चारला गेला, त्याने तो निर्णय स्वतंत्रपणे केला असे कसे म्हणावे?

पाळकसाहेब : पूर्वज्ञान म्हणजे सक्ती नव्हे, असे ऑगस्टीनने पाचव्या शतकापूर्वीच सांगितले होते. एखादे कृत्य घडणार हे कोणास आधी कळले, म्हणून ते करणाऱ्यावर जबरदस्ती झाली असे होत नाही. त्या दोन वर्षांत टिळकांनी काय केले, ते पाहा. डोंगरावरील प्रवचन वाचून ते भारावले, शंका काढल्या, पत्रव्यवहार केला, घरची माणसे दुरावतील म्हणून व्याकूळ झाले, थांबले आणि अखेर निघाले. त्या धडपडीतले एकेक पाऊल त्यांचे स्वतःचे होते. माझा अधिक बळकट पुरावा मात्र टिळकांच्या घरातलाच आहे. लक्ष्मीबाईंनी पतीचे धर्मांतर स्वीकारले नाही. त्या दूर राहिल्या, दुःख केले, प्रखर विरोध केला. पुढे पतीजवळ येऊन राहिल्यावरही त्यांनी सोवळेओवळे सोडले नव्हते. जातिभेद ईश्वराने निर्माण केलेला नसून माणसांनी केला आहे, हे जेव्हा त्यांच्या स्वतःच्या विचाराला पटले, तेव्हा त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी घ्यायला आरंभ केला, आणि १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्या कोणालाही त्या बाईवर कोणी सक्ती केली असे वाटेल काय? ईश्वरी कृपा ही बळजोरी असती, तर कवीच्या पत्नीला पाच वर्षे लागली नसती.

भाऊसाहेब : माफ करा, पण येथे आपण माझ्या पक्षाचे बोलत आहात. आपल्या पक्षाच्या विद्वानांनी १६१८-१९ मध्ये डोर्ट येथे भरलेल्या धर्मसभेत आर्मिनियसच्या अनुयायांना बाहेर काढले, ते कृपेला माणूस नकार देऊ शकतो असे ते म्हणत होते म्हणूनच ना? जॉन वेस्लीने तेच उचलून धरले: कृपा आधी येते, सर्वांकडे येते, तिच्यावाचून कोणी देवाकडे वळू शकत नाही, पण तिला पाठ दाखवण्याची मुभा मनुष्याला ईश्वरानेच दिली आहे. प्रभू यरुशलेमेकडे पाहून विलाप करतो, कारण त्याने जवळ घेऊ पाहिले आणि त्या नगरीने ते इच्छिले नाही. तो विलाप खरा मानायचा की नाटकी? निनवेचा नाश योनाने पुकारला. नगरीने पश्चात्ताप केला आणि नाश टळला. हिज्कीया राजाला मरणाचा निरोप मिळाला. त्याने भिंतीकडे तोंड करून अश्रू ढाळले आणि पंधरा वर्षे आयुष्य वाढून मिळाले. मोशे इस्राएल लोकांसाठी रदबदली करतो आणि येणारे अरिष्ट थांबते. या सगळ्या स्थळांना आपण केवळ बोलण्याची पद्धत म्हणून बाजूला सारणार असाल, तर पित्याशी बोलणाऱ्या लेकराच्या हाती उरते काय?

पाळकसाहेब : मी ती स्थळे बाजूला सारीत नाही. ईश्वर खरोखर ऐकतो आणि खरोखर उत्तर देतो. त्याचे उत्तर देणे हेदेखील त्याच्या अनादि संकल्पाच्या बाहेरचे नाही, इतकेच माझे म्हणणे. आता मी आपल्याला एक विचारतो. एखाद्या बापाचा मुलगा व्यसनाच्या आहारी गेला आहे. तो बाप रात्री प्रार्थना करतो, तेव्हा नेमके काय मागतो? मुलाच्या इच्छेला हात न लावता, ईश्वरा, तू दूर उभा राहून पाहा, असे मागतो काय? तो मागतो की, माझ्या मुलाच्या मनात शिरून त्याची इच्छाच पालट. दुसऱ्याच्या अंतःकरणासाठी जो जो मध्यस्थीची प्रार्थना करतो, तो तो मनुष्याच्या इच्छेवरही ईश्वराची सत्ता आहे हे त्या क्षणी कबूल करतो. पेलागियस म्हणाला की, मनुष्य आपल्या बळावर सत्कर्म निवडू शकतो. ४१८ मध्ये कार्थेजच्या सभेने ते मत अमान्य केले, त्यात मंडळीच्या या रोजच्या प्रार्थनेचाच बचाव होता. विवाद करताना आपण दोन पक्षांचे असू, भाऊसाहेब. गुडघ्यांवर आल्यावर आपण एकाच पक्षाचे असतो.

भाऊसाहेब : हे मला मान्य करावे लागेल. पण मग त्या मुलाची जबाबदारी कोठे गेली? तो व्यसनातच राहिला तर दोष कोणाचा?

पाळकसाहेब : त्याचा. पौलाने फिलिप्पै येथील मंडळीस दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत: आपले तारण भीत भीत साधून घ्या, आणि तुमच्या ठायी इच्छा व कृती निर्माण करणारा देव आहे. आमच्या परंपरेच्या वेस्टमिन्स्टर येथील विश्वासपत्रानेही, ईश्वर सर्व काही ठरवतो असे म्हटल्यावर, त्यामुळे प्राण्यांच्या इच्छेवर जुलूम होत नाही आणि गौण कारणांचे स्वातंत्र्य नष्ट होत नाही, असे तेथल्या तेथे नमूद केले आहे. ही दोन्ही टोके जोडणारा दुवा आम्हांला पुरता दिसत नाही, हे मी कबूल करतो. कॅथलिक पंडितांनाही तो दिसला नाही. येशूसंघीय लुइस दे मोलिना याने १५८८ मध्ये ग्रंथ लिहून सुचवले की, कोणता मनुष्य कोणत्या परिस्थितीत स्वेच्छेने काय करील हे ईश्वर जाणतो आणि त्या ज्ञानाच्या आधारे जगाची योजना करतो. डोमिनिकन पंडितांनी त्यावर हरकत घेतली. १५९८ पासून १६०७ पर्यंत रोममध्ये त्याची चौकशी चालली आणि अखेरीस पाचव्या पोप पॉलने कोणत्याच पक्षाला पाखंडी न ठरवता दोघांनाही परत पाठवले, एकमेकांची निर्भर्त्सना करू नका अशी ताकीद देऊन. हे चालले असता त्याच येशूसंघाचा फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात साष्टीच्या लोकांसाठी मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ सिद्ध करीत होता. ते १६१६ मध्ये छापले गेले. वाद अनिर्णीत राहिला म्हणून सुवार्ता थांबली नाही.

भाऊसाहेब : आता मात्र मी जे मनात दाबून बसलो आहे ते बोलतो. १९ जुलै २०२३ ची रात्र. आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या पायथ्याशी, ठाकरांची इर्शाळवाडी झोपेत असताना डोंगराची दरड तिच्यावर आली. वर जायला मोटारीचा रस्ता नाही, यंत्रे चढू शकत नाहीत, पाऊस थांबत नाही; हातांनी माती उपसावी लागली. मदतीसाठी चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचाही प्राण गेला. सत्तावीस मृतदेह निघाले, सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. पाळकसाहेब, आपल्या सार्वभौम सत्तेच्या सिद्धान्ताला घेऊन त्या डोंगरावर चला आणि मला सांगा, तेथे काय बोलाल? गाडीतल्या हजार माणसांसाठी ईश्वराने बोटी पाठवल्या, हे आपण सांगितलेत. इर्शाळवाडीच्या लेकरांसाठी का पाठवल्या नाहीत?

पाळकसाहेब : त्या डोंगरावर मी सिद्धान्त बोलणार नाही. माती उपसायला हात लावीन, आणि जे वाचले त्यांच्याजवळ बसेन.

भाऊसाहेब : हे आपले सौजन्य झाले. मला उत्तर हवे आहे.

पाळकसाहेब : जेवढे प्रभूने दिले तेवढेच मी देऊ शकतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती गोष्ट लोकांच्या तोंडी होती. त्या अठरांचे पाप इतरांहून मोठे होते काय, या प्रश्नाला प्रभूने साफ नकार दिला. त्याने मेलेल्यांचा हिशेब मांडला नाही. जिवंत राहिलेल्यांना पश्चात्तापास बोलावले. आपल्या मुलखात अशा प्रसंगी माणसे प्रारब्ध म्हणून गप्प होतात, आणि त्या गप्प होण्यामागे किती दुःख असते हे मी जाणतो. परंतु प्रारब्ध कोणाचे ऐकत नाही, त्याला डोळे नाहीत, त्याच्यापाशी रडता येत नाही. आमची श्रद्धा अशी की, सत्ता ज्याच्या हाती आहे तो स्वतः मनुष्य होऊन गेथशेमाने बागेत रडला. तो प्याला टळावा, अशी त्याने प्रार्थना केली आणि तो टळला नाही. जगातली सर्वांत निर्दोष प्रार्थना मान्य झाली नाही, हे ध्यानात ठेवून मग इतर प्रार्थनांविषयी बोलावे. त्यानंतरचा क्रूसही पाहा. पेत्राने पेंटेकॉस्टच्या दिवशी एकाच वाक्यात दोन्ही सांगितले: ईश्वराच्या ठाम संकल्पानुसार हे झाले, आणि तुम्ही अधर्म्यांच्या हातांनी त्याला मारलेत. संकल्प म्हणून मारणाऱ्यांना क्षमापत्र मिळाले नाही, आणि मारणाऱ्यांमुळे संकल्प हरला नाही. इर्शाळवाडीचे उत्तर मला देता येत नाही. पण ज्या ईश्वराची सत्ता डोंगरावर नाही असे आपण म्हणाल, तो त्या मृतांना उठवू शकेल अशी आशा तरी मी कोणत्या तोंडाने धरू?

भाऊसाहेब : हे शेवटचे वाक्य मला लागले. ईश्वराच्या हाती काही नाही असे मी ठरवले, तर मागायचे कोणाकडे, हा प्रश्न माझ्याच पक्षावर उलटतो. तरी माझी एक मागणी आहे. शोक करणाऱ्याच्या तोंडावर ‘ईश्वराची इच्छा’ असे कोणी बोलू नये. जो शब्द प्रभूने बागेत स्वतःविषयी, घाम गाळून उच्चारला, तो दुसऱ्याच्या लेकराच्या मढ्यापाशी आपण उच्चारणे हा अधिकाराचा अतिक्रम आहे. आणि दुसरे असे की, दरडींचा धोका असलेल्या गावांची जी सरकारी यादी होती, तिच्यात इर्शाळवाडीचे नाव नव्हते. तीस वर्षे मी यादी या वस्तूजवळ राहिलो आहे. यादीत नाव नसणे हे ईश्वराचे कृत्य नव्हे. ते माणसांचे आहे.

पाळकसाहेब : दोन्ही गोष्टी मी मान्य करतो. दुसरी गोष्ट तर आमच्या सिद्धान्ताचाच भाग आहे. ईश्वर साधनांच्या द्वारे राज्य करतो असे म्हणणाऱ्याने साधनांची हेळसांड केली, तर तो आपल्याच विश्वासाशी बेइमान होतो.

संवाद येथे संपवून, या दोन पक्षांविषयी माझे मत मी स्पष्ट सांगतो.

केवळ सत्तेचा सिद्धान्त घेऊन बसणारी मंडळी हळूहळू दैववादी होते: तिच्या प्रार्थना पाठांतराच्या होतात आणि शेजाऱ्याचे दुःख तिला आधीच सोडवलेले कोडे वाटू लागते. केवळ स्वातंत्र्याचा सिद्धान्त घेऊन बसणारी मंडळी थकते: जगाचा सारा भार आपल्या निर्णयांवर आहे असे मानणारा मनुष्य यशात उद्दाम होतो आणि अपयशात मोडून पडतो. पवित्र शास्त्राने हे दोन्ही धागे एकत्र विणले आहेत, आणि विणकाम कसे साधले याचे स्पष्टीकरण न देता ते वस्त्र आपल्या अंगावर घातले आहे. दोन्ही टोके घट्ट धरून मधल्या गूढासमोर नम्र होणे, यात बुद्धीचा पराभव नाही.

हे आचरणात कसे दिसते, याचे उत्तर महाराष्ट्रात शोधायचे तर केडगावकडे पाहावे. पंडिता रमाबाई यांनी मुक्तिमिशन चालवले ते प्रार्थनेवर. पैशासाठी, धान्यासाठी, पाण्यासाठी त्या ईश्वराकडे मागत आणि १९०५ मध्ये तेथल्या मुलींमध्ये जे प्रार्थनेचे भरते आले, त्याची वार्ता परदेशांतही गेली. पण याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः मध्यप्रांतात जाऊन उपासमारीने खंगलेल्या मुलींना घेऊन आल्या. त्यांनी विहिरी खणवल्या, शेती केली, माग बसवले, छापखाना चालवला, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून सबंध बायबलचे मराठी भाषांतर स्वतः केले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. इतक्या प्रार्थनांच्या घरी ही प्रार्थना मान्य झाली नाही. रमाबाईंनी भाषांतराचे काम टाकले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या आणि ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ईश्वराच्या सत्तेवर एवढा भरवसा असलेली व्यक्ती एवढे श्रम का करते, असे कोणी विचारील, तर त्याला मी इतकेच सांगेन की, तो भरवसा होता म्हणूनच तिला एवढे श्रम करता आले.

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात जे ख्रिस्ती कुटुंब राहते, जी लहानशी मंडळी रविवारी जमते, तिला माझी विनंती आहे. पावसाळ्याच्या तोंडावर सबंध तालुक्यासाठी, ख्रिस्ती-अख्रिस्ती असा भेद न करता, नावे घेऊन प्रार्थना करा, आणि ती खरोखर ऐकली जाते या विश्वासाने करा. ती करून झाल्यावर त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत जाऊन डोंगराखालच्या कोणत्या वाड्या धोक्याच्या यादीत आहेत आणि कोणत्या राहून गेल्या आहेत, याची चौकशी करा. राहून गेलेल्या वाडीसाठी लेखी पाठपुरावा करा. या दोन कामांपैकी एक ईश्वराचे आणि दुसरे माणसाचे, अशी वाटणी करू नका. दोन्ही कामे ईश्वराची आहेत, आणि दोन्ही त्याने आपल्यावर सोपवली आहेत.